चौथऱ्यावरचा एक तास

लंडनच्या मध्यवर्ती ट्रफाल्गर चौकात चार दगडी चौथरे आहेत. चौकाच्या मधोमध आरमारी सेनापती नेल्सन यांचा उत्तुंग स्तंभ, स्तंभाच्या पायथ्याशी चार सिंह, उत्तरेला ब्रिटनचे राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आणि चार कोपऱ्यांना हे चार चौथरे, अशी या चौकाची रचना आहे. ईशान्येकडील चौथऱ्यावर राजा चौथा जॉर्ज घोड्यावर बसलेला दिसतो. दक्षिणेकडील दोन चौथऱ्यांवर दोन सेनानी उभे आहेत. त्यांपैकी एक सर चार्ल्स नेपियर. १८४३ साली सिंध प्रांत ब्रिटिश अमलाखाली आणणारे. दुसरे सर हेन्री हॅवलॉक. १८५७ च्या जुलै महिन्यात नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करून कानपूर घेणारे जे हॅवलॉक मराठी वाचकाला इतिहासातून परिचित आहेत, तेच हे.

लंडनचे पहिले लोकनिर्वाचित महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००० साली असे जाहीरपणे सांगितले की, हे दोन सेनानी कोण याची आपल्याला काहीच कल्पना नाही. त्यांना येथून हलवून लोकांच्या ओळखीच्या व्यक्तींचे पुतळे येथे बसवावेत. त्यावरून पुष्कळ वादंग झाले. पुतळे मात्र होते तेथेच राहिले. हॅवलॉक यांना लंडनच्या महापौरांपेक्षा कानपूर-बिठूरचा रहिवासी अधिक ओळखतो, हा या प्रकरणातील गमतीचा भाग. गंभीर भाग असा की, सार्वजनिक जागेत कायमची उभी केलेली मूर्ती दीडशे वर्षांत आपल्याच शहराला अनोळखी होऊ शकते. तिच्या पायथ्याशी रोज हजारो लोक ये-जा करतात. मान वर करून पाहणारा विरळा. उलट वायव्येकडील चौथा चौथरा याच काळात लंडनमधील सर्वांत अधिक चर्चेचा विषय झाला, आणि तो तसा झाला तो रिकामा होता म्हणून.

घोड्यासाठी बांधलेली जागा

वास्तुविशारद सर चार्ल्स बॅरी यांनी १८४१ साली हा चौथरा बांधला तो राजा चौथा विल्यम यांच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी. उत्तरेकडचे दोन्ही चौथरे दक्षिणेकडच्या चौथऱ्यांपेक्षा रुंद आहेत, ते याच कारणाने. तेथे माणसाबरोबर घोडाही उभा राहावयाचा होता. परंतु पुतळ्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही. राजा गेला, त्याची आठवण पुसट झाली आणि दगडी चौथरा तसाच राहिला. त्यावर कोणाला बसवावे यासंबंधी वेळोवेळी सूचना येत गेल्या. एकमत कधीच झाले नाही. अशी तब्बल १५८ वर्षे गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने यातून एक वाट काढली. कायमचा पुतळा कोणाचा, हा वाद सुटत नसेल तर तो बाजूला ठेवावा आणि काही काळापुरत्या कलाकृती येथे मांडून पाहाव्यात, असे संस्थेने ठरविले. पहिली कलाकृती १९९९ साली आली. मार्क वॉलिंजर यांनी घडविलेली ती ख्रिस्ताची मूर्ती सामान्य माणसाच्याच उंचीची होती. राजाच्या घोड्यासाठी बांधलेल्या प्रचंड चौथऱ्याच्या अगदी कडेला उभी असलेली ती लहानशी आकृती पाहून लोक थबकत. चौथरा एवढा मोठा का आणि माणूस एवढा लहान का, असा प्रश्न त्यांना पडे. शिल्पात भव्यता हवीच, या समजुतीला तो पहिला धक्का होता. २००१ साली रेचेल व्हाइटरीड यांनी तर चौथऱ्यावर दुसरे काही न ठेवता पारदर्शक राळेमध्ये ओतलेली त्याचीच प्रतिकृती उलटी करून ठेवली.

पुढे सर जॉन मॉर्टिमर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या चौथऱ्यावर कायमचा पुतळा न बसविता एकामागून एक अल्पकालीन कलाकृती मांडाव्यात, अशी शिफारस केली. १९९९ च्या कायद्याने चौकाची व्यवस्था लंडनच्या महापौरांकडे आली होती. त्यामुळे हा उपक्रम चालविण्याची जबाबदारीही नगरप्रशासनावर आली. कलाकारांकडून प्रस्ताव मागवावयाचे, निवडक प्रस्तावांच्या छोट्या प्रतिकृती जनतेला पाहण्यासाठी मांडावयाच्या, लोकांची मते ऐकावयाची आणि मग तज्ज्ञांच्या मंडळाने अंतिम निवड करावयाची, अशी पद्धत पडत गेली. लोकमत विचारात घेतले जाते, पण निर्णय मतमोजणीने होत नाही. कलेच्या बाबतीत हा मध्यम मार्ग काहींना पटत नाही. तथापि त्याहून बरा मार्ग अजून कोणी सुचविल्याचे दिसत नाही.

या पद्धतीची पहिली कसोटी २००५ साली लागली. मार्क क्विन यांनी अ‍ॅलिसन लॅपर या चित्रकर्तीचे संगमरवरी शिल्प चौथऱ्यावर ठेवले. लॅपर यांना जन्मतः हात नाहीत आणि त्यांचे पाय अपुऱ्या वाढीचे आहेत. शिल्पात त्या गरोदर आहेत. शूर सेनापतींच्या रांगेत एका अपंग स्त्रीला अशा रूपात बसवावे काय, यावर वृत्तपत्रांतून कडाक्याची चर्चा झाली. कायमचा पुतळा असता तर ही चर्चा बहुधा मंजुरीपूर्वीच त्याला गाडून मोकळी झाली असती. शिल्प ठरावीक मुदतीनंतर जाणार आहे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच ते तेथे येऊ शकले. पुढे २०१२ साली लंडन येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धांच्या उद्‌घाटन सोहळ्यात याच शिल्पाची भव्य प्रतिकृती मैदानात आणण्यात आली. जे शिल्प चौकात ठेवावे की नाही असा वाद होता, ते सात वर्षांनी राष्ट्रीय सोहळ्यात सन्मानाने मिरविले गेले.

प्रेक्षकाचा हात लागल्याखेरीज अपुरी

येथवरच्या सर्व कलाकृती पाहावयाच्या होत्या. कलाकाराने घडवावे आणि नागरिकाने खाली उभे राहून पाहावे, हा संबंध त्यांनी बदलला नव्हता. परंतु याच सुमारास अनेक शहरांमध्ये वेगळ्या प्रकारचे प्रयोग सुरू झाले. त्यांत कलाकार केवळ साधने आणि नियम पुरवितो. नागरिक येऊन काही करीत नाही तोवर कलाकृती पूर्णच होत नाही. २००८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ल्यूक जेरम यांनी रस्त्यांवर आणि चौकांत १५ पियानो ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याने बसून वाजवावे, एवढाच त्यांचा उद्देश. कपडे धुण्याच्या एका सार्वजनिक दुकानात दर आठवड्याला तेच लोक भेटतात आणि एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. कॅनडातील माँट्रियल शहरात २०११ साली एका रस्त्याकडेला २१ झोपाळे टांगण्यात आले. प्रत्येक झोपाळा हलला की एक स्वर निघे. परंतु काही सुरावटी अशा होत्या की त्या अनेकांनी एका लयीत झोके घेतल्याशिवाय ऐकूच येत नसत. शेजारच्या झोपाळ्यावर अनोळखी माणूस असला तरी त्याच्या झोक्याशी आपला झोका जुळवावा लागे.

अशा कलाकृतींना सहभागात्म कला म्हणता येईल. नाव नवे असले तरी महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. दिवाळीत वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मुले माती कालवून किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात आणि सणानंतर तो मोडून टाकतात. ती सहभागात्म आणि अल्पकालीन, दोन्ही असते. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्यानंतर गल्लोगल्लीच्या मंडळांनी उभारलेले देखावे, आरास आणि अखेरचे विसर्जन ही याच जातीची गोष्ट आहे. दहा दिवसांनी नाहीसे होणारे काम इतक्या निगुतीने का करावे, असा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही.

दोन हजार चारशे नागरिक

चौथ्या चौथऱ्यासाठी शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी जो प्रस्ताव दिला तो या दुसऱ्या जातीचा होता. १९५० साली जन्मलेले गॉर्मली हे मानवी देहाचे शिल्पकार म्हणून ओळखले जातात. गेट्सहेड येथील त्यांचे पंख पसरलेले प्रचंड लोखंडी शिल्प १९९८ पासून उत्तर इंग्लंडची खूणच झाले आहे. तरुणपणी, १९७१ ते १९७४ या काळात, ते भारतात आणि श्रीलंकेत होते. इगतपुरीच्या केंद्रामुळे ज्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, त्या सत्यनारायण गोएंका यांच्याकडे त्यांनी विपश्यनेचे धडे घेतले. ठरलेला वेळ एका जागी, काहीही न करता, स्वतःसह राहणे हा त्या साधनेचा गाभा आहे. चौथऱ्यावरील प्रयोगाचा उगम थेट त्यातूनच झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्याने असा अभ्यास केला आहे त्यालाच ही कल्पना सुचावी, यात नवल नाही.

कल्पना एका वाक्यात सांगता येईल. चौथऱ्यावर शिल्प नको. त्यावर जिवंत माणूस उभा राहील, एक तास, एकटा, आणि तास संपताच त्याची जागा दुसरा घेईल. ६ जुलै २००९ रोजी सकाळी ९ वाजता प्रयोग सुरू झाला आणि १४ ऑक्टोबर रोजी सकाळी संपला. १०० दिवस, दिवसाचे २४ तास, एकूण २,४०० माणसे. एका सुरक्षारक्षक जाळ्याने वेढलेल्या त्या दगडी चौरंगावर शंभर दिवस कोणी ना कोणी सतत होते, मध्यरात्रीही आणि पावसातही.

माणसे निवडावयाची कशी, हा या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग होय. परीक्षक नेमून योग्य व्यक्ती निवडल्या असत्या तर पुन्हा कोणी तरी वर बसण्यास लायक आणि कोणी नालायक ठरले असते. म्हणून सोडत काढण्यात आली. अर्जदार १६ वर्षांवरील असावा आणि ब्रिटनमध्ये राहणारा असावा, एवढ्याच अटी होत्या. सुमारे ३५,००० लोकांनी नावे नोंदविली. संगणकाने काढलेल्या सोडतीत दोन गोष्टींची काळजी घेतली गेली. स्त्रिया आणि पुरुष समसमान असावेत, आणि देशाच्या प्रत्येक विभागाला त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. म्हणजे लंडनच्या चौकातील चौथरा लंडनकरांनीच अडवून बसू नये, अशी व्यवस्था होती. गुणवत्तेचा विचारच न करता, केवळ संख्येच्या न्यायाने, राष्ट्राचे चित्र उभे करण्याची ही रीत मतदारयादीची आठवण करून देते.

वर गेल्यावर काय करावे यासंबंधी जवळजवळ कोणताच नियम नव्हता. कायद्याने मना असलेली गोष्ट करावयाची नाही, आणि स्वतःला एकट्याला उचलून नेता येईल तेवढेच सामान बरोबर न्यावयाचे. उंच होणाऱ्या यांत्रिक शिडीच्या गाडीतून प्रत्येकाला वर पोहोचविले जाई आणि त्याच गाडीतून आधीचा खाली उतरे. सारे काही इंटरनेटवरून अहोरात्र थेट दाखविले जात होते. चौकात एक तात्पुरते कार्यालय थाटण्यात आले होते. वर जाणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. वेलकम ट्रस्ट या विश्वस्त संस्थेच्या ग्रंथालयात त्या जपून ठेवलेल्या आहेत. आपण कोण, येथे का आलो, वर काय करणार, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले आहे. इतक्या सामान्य माणसांचे, कोणत्याही विशेष कारणावाचून नोंदले गेलेले असे बोल इतिहासकाराला सहसा मिळत नाहीत. पुतळे पाडता येतात किंवा विसरले जातात. या मुलाखती मात्र शंभर वर्षांनी कोणी ऐकल्या तर त्याला २००९ चे ब्रिटन नेपियर-हॅवलॉक यांच्या दगडी मुद्रांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळेल.

प्रारंभाचा क्षण आयोजकांच्या योजनेप्रमाणे पार पडला नाही. पहिली सहभागी, लिंकनशायर परगण्यातील एक गृहिणी, वर जाण्यापूर्वीच धूम्रपानाविरुद्ध निदर्शने करणारा एक गृहस्थ आपला फलक घेऊन चौथऱ्यावर चढला. सोडतीत त्याचे नाव नव्हते. त्याला बळाने उतरविण्यात आले नाही. थोड्या वेळाने तो समजुतीने उतरला आणि मग यादीतील पहिली बाई वर गेली. तिच्या हातातही फलक होताच. बालकांवरील अत्याचारांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचा. एका अर्थी हा अपशकुन मानला जाईल. पण ज्या प्रयोगाचा प्रश्नच ‘वर उभे राहण्याचा हक्क कोणाचा’ असा होता, त्याची सुरुवात एका बिनपरवाना नागरिकाने करावी, यात विसंगत असे काही नाही.

ट्रफाल्गर चौकाला तशी परंपराही आहे. नेल्सनच्या स्तंभाचा पायथा हे गेल्या शतकाहून अधिक काळ सभांचे व्यासपीठ राहिले आहे. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये याच परिसरात निदर्शकांवर पोलिसांनी आणि सैन्याने बळाचा वापर केला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभा येथे झाल्या. १९३८ साली स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या समर्थनार्थ भरलेल्या सभेत पंडित जवाहरलाल नेहरू येथे बोलले. या सर्वांना काही तरी सांगावयाचे होते आणि ऐकण्यासाठी जमाव आलेला होता. २००९ सालच्या चौथऱ्यावरील माणसाची स्थिती निराळी होती. त्याला बोलावलेले होते, पण त्याच्यासाठी विषय कोणीच ठरविलेला नव्हता.

त्या रिकाम्या तासाचे लोकांनी काय केले? कोणी नाचले, कोणी गायले, कोणी वेशांतर करून आले. कोणी आपल्या आवडीच्या धर्मादाय कार्यासाठी फलक धरून पूर्ण तास उभे राहिले. कोणी खालच्या गर्दीशी गप्पा मारल्या. काहींनी अंगावरचे कपडे उतरविले आणि वृत्तपत्रांना अपेक्षित बातमी पुरविली. आणि काही नुसते उभे राहिले किंवा खुर्ची टाकून बसले. पहाटे तीन वाजता, खाली घरी परतणारे दोन-चार मद्यपी ओरडत असताना, वर शांत बसून राहणे ही गोष्ट नाचण्यागाण्यापेक्षा कठीण असली पाहिजे.

टीका आणि तिचे मोल

प्रयोगावर टीका झाली, आणि ती सर्वच निराधार नव्हती. दूरचित्रवाणीवर सामान्य माणसांना कोंडून त्यांचे वागणे दाखविणाऱ्या कार्यक्रमांचा तो काळ होता; त्याचीच ही दगडी आवृत्ती आहे, असे टीकाकार म्हणाले. बहुतेक तास कंटाळवाणे होते, ही तक्रारही खरी मानावी लागते. फलक घेऊन येणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की चौथरा अधूनमधून जाहिरातीची जागा वाटू लागला. कलाकृती म्हणून एकसंध परिणाम साधला गेला नाही, हे मान्य करण्यास हरकत नाही.

तरीही नागरी जीवनाच्या दृष्टीने या प्रयोगाने एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती प्रशासनात काम करणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. सार्वजनिक जागा लोकांच्या हाती देणे म्हणजे त्या जागेवरील लक्ष काढून घेणे नव्हे. मजकुरावर नियंत्रण नव्हते. पण जाळे होते, शिडीची गाडी दर तासाला वेळेवर हलत होती, रात्रपाळीचे कर्मचारी होते, सोडतीची यादी होती आणि तासाची मर्यादा कोणासाठीही वाढत नव्हती. काय करावे हे नागरिकाने ठरवावयाचे आणि ते करताना तो पडणार नाही, त्याच्यावर कोणी हल्ला करणार नाही, त्याची पाळी कोणी हिरावून घेणार नाही, हे व्यवस्थेने पाहावयाचे. अल्पकालीन सार्वजनिक कलेचे प्रयोग फसतात ते बहुधा यातील दुसरी बाजू दुर्लक्षित राहिल्यामुळे. पियानो ठेवला जातो, पण पावसाचे छप्पर कोणी घालावे हे ठरलेले नसते. भिंतीवर लिहिण्यासाठी फळा लावला जातो, पण खडू संपल्यावर कोणी आणावा हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. उद्‌घाटनाच्या दिवशी ही उणीव दिसत नाही. ती चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते.

मुदत संपताच काय होते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गॉर्मली यांच्या प्रयोगानंतर तीन आठवड्यांच्या आत याच चौथऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हवाई संरक्षणात मोठी कामगिरी बजावणारे वैमानिक अधिकारी सर कीथ पार्क यांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या चाहत्यांची मागणी कायमच्या पुतळ्याची होती. सहा महिने चौथऱ्यावर आणि त्यानंतर कायमचा काशाचा पुतळा वॉटर्लू प्लेस येथे, अशी तडजोड झाली. पुढील कलाकृतीला जागा मिळाली. २०१० साली यिंका शोनिबारे यांनी नेल्सन यांच्या जहाजाची प्रतिकृती एका अजस्र पारदर्शक बाटलीत घालून येथे ठेवली. शिडांवर आफ्रिकेत लोकप्रिय असलेल्या छापील कापडाचे नमुने होते. मुदत संपल्यावर लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतले आणि ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात कायमचे ठेवले. म्हणजे जे लोकांना हवेसे वाटले ते राहिले. पण चौथऱ्यावर नव्हे.

आणि घोडे? राजा विल्यमचा घोडा आला नाही, तरी चौथऱ्यावर घोडे येऊन गेले. २०१२ साली एल्मग्रीन आणि ड्रॅग्सेट या जोडीने लाकडी डुलत्या घोड्यावर बसलेले लहान मूल सोनेरी रंगात उभे केले. विजयी सेनापतीच्या जागी अजून काहीही न जिंकलेले मूल. २०१५ साली हान्स हाके यांनी घोड्याचा नुसता सांगाडा ठेवला. त्यावर स्वार नव्हता. पुढच्या पायाला बांधलेल्या फितीवर शेअर बाजाराचे भाव सरकत होते.

मुंबईतील घोड्याची जागा

रिकाम्या चौथऱ्याची ही कथा मुंबईकराला ऐकताना स्वतःच्या शहराची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण मुंबईतही घोड्यावाचून राहिलेली एक जागा आहे. इंग्लंडचे युवराज, पुढे सातवे एडवर्ड, १८७५ साली मुंबईस आले. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार बोम यांच्याकडून त्यांचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि तो १८७९ साली किल्ला विभागात बसविण्यात आला. लोकांनी युवराजाचे नाव ठेवले नाही. काळवंडलेल्या धातूच्या घोड्याचे नाव ठेवले. १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला. राजा गेला, घोडा गेला, पण ‘काळा घोडा’ हे नाव त्या परिसरातून गेले नाही. बसच्या थांब्यापासून पत्त्यांपर्यंत सर्वत्र नसलेल्या घोड्याचेच नाव चालू राहिले, आणि प्रत्यक्ष जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या.

लंडनचा चौथरा आणि मुंबईचा काळा घोडा यांत फरक आहे. तेथे चौथरा आहे आणि पुतळा कधी आलाच नाही. येथे पुतळा येऊन गेला आणि मागे नाव उरले. परंतु दोन्ही शहरांत रिकाम्या झालेल्या जागेत अल्पकालीन कलेने प्रवेश केला, आणि तोही एकाच वर्षी. १९९९ मध्येच काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. जहांगीर कलादालन, संग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय अशा वास्तूंनी वेढलेल्या या परिसरात नऊ दिवस हा महोत्सव भरतो. त्या दिवसांत रॅम्पार्ट रो हा रस्ता वाहनांना बंद करून पादचाऱ्यांना खुला होतो आणि त्यावर मांडणशिल्पे उभी राहतात. प्रवेशाला मूल्य नाही. कलादालनाच्या पायऱ्या चढण्याचा संकोच वाटणारा माणूस रस्त्यावरील शिल्पाच्या भोवती मात्र निःसंकोच फिरतो. महोत्सवातून उभा राहणारा निधी परिसरातील जुन्या वास्तूंच्या जतनासाठी वापरण्याची प्रथाही महोत्सवामागील संस्थेने पाडली आहे.

या मांडणशिल्पांपैकी पुष्कळशी पाहण्यापेक्षा छायाचित्र काढून घेण्यासाठीच अधिक वापरली जातात, अशी तक्रार जाणकार करतात. तीत तथ्य आहे. अलोट गर्दीत एका शिल्पापुढे अर्धे मिनिट उभे राहणेही अवघड होते. लंडनच्या चौथऱ्यावर एका माणसाला संपूर्ण एक तास मिळाला होता. मुंबईच्या रस्त्यावर एका तासात किती माणसे एका शिल्पापुढून सरकतात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मात्र नऊ दिवस का होईना, मोटारींच्या ताब्यातील रस्ता पायी चालणाऱ्याला परत मिळतो, ही गोष्ट मुंबईत लहान नाही.

२०१७ च्या जानेवारीत काळा घोडा परिसरात पुन्हा घोडा आला. वास्तुविशारद अल्फाज मिलर यांच्या संकल्पनेनुसार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला हा काळा घोडा उंच चौथऱ्यावर उभा आहे. त्याच्या पाठीवर कोणीही नाही. एडवर्ड राजा जिजामाता उद्यानातच आपल्या जुन्या घोड्यावर बसून आहेत.